ब्रेक लागला म्हणजे झालं?

जुन्या व्हॅनचे मागचे ब्रेक शू घरी बदलावेत का, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक हौशी माणसाचं: चार स्प्रिंगा, दोन शू, त्यात अवघड ते काय! दुसरं सावध माणसाचं: ब्रेकला घरी हात लावूच नये. मला दोन्ही अपुरी वाटतात, कारण दोघंही काम किती अवघड आहे एवढाच हिशेब मांडतात. ड्रम ब्रेकचं काम अवघड नाही, फसवं आहे. अवघड कामात चुकलं की तिथल्या तिथे अडतं. नट बसत नाही, इंजिन सुरू होत नाही, माणूस थांबून चूक शोधतो. ड्रमच्या आत चुकलं तर काहीच अडत नाही. ड्रम बसतो, चाक चढतं, पेडल दाबलं की गाडी थांबते, आणि गल्लीत एक फेरी मारून माणूस हात धुतो. चूक आत तशीच राहते. म्हणून हे काम शिकणाऱ्याने पहिल्यांदा एक गोष्ट मनाशी पक्की करावी: ब्रेक लागतो, हा काम बरोबर झाल्याचा पुरावा नाही. पुरावा वेगळा गोळा करावा लागतो. तेवढी तयारी असेल तरच जॅक बाहेर काढावा.

उदाहरणाला मारुतीची ओमनी घेऊ. १९८४ मध्ये आलेली आणि २०१९ मध्ये बंद झालेली ही ७९६ सीसीची व्हॅन आजही दूध, भाजी, मंडपाचं सामान वाहताना दिसते. इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे आणि ड्रम ब्रेक. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. रिकामी ओमनी जेमतेम ८०० किलोची. तिला गल्लीत वीसच्या वेगाला थांबवायला पुढची दोन चाकंसुद्धा पुरतात. म्हणजे आपण ज्या चाचणीवर विसंबतो, तिच्यात मागच्या ब्रेकची परीक्षा होतच नाही. ती होते मागे पोती भरल्यावर, पावसाळी रस्त्यावर, उतारावर. अशा गाडीला एबीएसही नसतं. मागचं एक चाक आधी जाम झालं तर शेपूट एका बाजूला वळू लागतं, आणि तिथे चालकाच्या हातात फारसं काही उरत नाही. मागचा ब्रेक थोडा कमजोर असणं एक वेळ परवडेल, पण डावा एक आणि उजवा दुसरा, हे परवडत नाही. घासलेली एकच बाजू बदलू, दुसरी अजून बरी आहे, हा काटकसरीचा विचार म्हणून घातक. शू बदलायचे ते दोन्ही चाकांचे, एकाच वेळी, एकाच बनावटीचे.

पहिला धोका मात्र ब्रेकच्याही आधी येतो, आणि मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत तो सहज ध्यानात येत नाही. गाडी गेअरमध्ये ठेवली, आता ती हलणार नाही, असा सर्वसाधारण समज असतो. ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो, कारण तो याच शूंना ड्रमवर दाबून धरतो. राहिला गेअर. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक खुशाल घरंगळतं. दोन्ही चाकं उचलली तर गेअरचा जमिनीशी संबंधच संपतो, आणि पुढची चाकं तर आधीपासूनच मोकळी असतात. अशा वेळी गाडी धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी लावलेले लाकडी ठोकळे. म्हणून जमीन सपाट आणि टणक हवी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. जॅकने फक्त उचलावं, भार घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, द्यावा, आणि घोडी मागच्या अ‍ॅक्सलखाली नीट बसवावी. विटांची चळत ही घोडी नव्हे. वीट वाकत नाही, एकदम फुटते.

ड्रम निघाल्यावर नवे शू उघडायची घाई होते. ती आवरावी, कारण जुना शू हा कागदपत्रासारखा वाचायचा असतो. लायनर, म्हणजे शूवरचा घर्षणाचा थर, सगळीकडे सारखा घासला असेल तर ते वयाचं घासणं. एका टोकाला जास्त, एका चाकात जास्त किंवा ओलसर असेल तर कारण दुसरीकडे आहे, आणि ते तसंच ठेवून बसवलेले नवे शूही त्याच वाटेने जातील. ओल कशाची हे ओळखता येतं. पातळ असेल आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून येत असेल तर ब्रेक ऑइल. दाट, काळपट, उग्र गंधकी वासाचं असेल तर ते डिफरन्शियलचं गेअर ऑइल, अ‍ॅक्सलचं सील गेल्यामुळे नळीतून ड्रमपर्यंत आलेलं. दोन्हींत दुरुस्ती वेगळी आणि खर्चही वेगळा. इथे हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे शू पेट्रोलने धुऊन पुन्हा लावा. लायनर वरून कोरडा दिसला तरी आत मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. शिवाय पेट्रोल, डिझेल, रॉकेल ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं, कारण हे सील ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, खनिज तेलासाठी नव्हे. तेल प्यालेला शू टाकूनच द्यावा.

याच टप्प्यावर ड्रममधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची सवय दिसते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर त्रास वर्षानुवर्षांनी उभा राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये निर्देश द्यावे लागले होते. एका व्हॅनच्या भुकटीने काय होतंय, असं कोणी म्हणेल. एका वेळेने कदाचित काही होणारही नाही. पण पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसायला पाच मिनिटं लागतात, आणि घरात मुलं असतील तर एवढी तोशीस जास्त नव्हे. फडकं पिशवीत बांधून टाकावं, धुऊन पुन्हा वापरू नये.

आता जोडणी. दोन्ही ड्रम एकदम उघडू नयेत. एक बाजू पूर्ण करावी, दुसरी नकाशा म्हणून तशीच ठेवावी. मोबाइलवर फोटो काढले आहेत, मग याची गरज काय, असं वाटेल. फोटोत स्प्रिंग दिसते, पण ती कोणाच्या पुढून आणि कोणाच्या मागून गेली हे बऱ्याचदा दिसत नाही. फक्त लक्षात ठेवावं की दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी असते. हा उलटेपणा का महत्त्वाचा? वर सिलिंडर आणि खाली टेकू अशी रचना असली की गाडी पुढे जाताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आत ओढला जातो आणि आपला दाब आपणच वाढवतो. मागचा शू उलट ढकलला जातो. म्हणून काही गाड्यांत या दोन शूंचे लायनर वेगळ्या लांबीचे असतात, आणि अदलाबदल झाली तरी ते बसतात. दाब वाढवण्याच्या याच गुणामुळे ड्रम ब्रेक घर्षणातल्या लहानशा फरकाला डिस्कपेक्षा जास्त दाद देतो. एका लायनरला ग्रीसचं बोट लागलं तर डाव्या-उजव्यात पडणारा फरक बोटाएवढा राहत नाही. घासत जाणाऱ्या शूंना ड्रमजवळ ठेवणाऱ्या स्वयंचलित अ‍ॅडजस्टरचंही तसंच. दातेरी चाकाच्या प्रकारात अनेकदा डाव्या आणि उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलट दिशेचे असतात. ते एकमेकांच्या जागी गेले तर शू घासतील तसा ब्रेक वर न येता सैल होत जातो. पहिल्या दिवशी यातलं काहीही जाणवत नाही. फसवं म्हणतो ते हेच.

सिलिंडर कोरडा दिसतोय, त्याला कशाला हात लावायचा, हा आक्षेप वरवर रास्त आहे. पण जुने शू घासत गेले तसे त्याचे पिस्टन बाहेर सरकत गेलेले असतात. नवे जाड शू बसवताना ते आत ढकलले जातात आणि रबरी सील पुन्हा जुन्या जागेवर येतं, जिथे मधल्या काळात गंज आणि मळ साचलेला असू शकतो. तिथे चार दिवस घासल्यावर गळती सुरू होते आणि नवा लायनर भिजतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर ही शक्यता गृहीतच धरावी. म्हणून रबरी टोपीची कड उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलावा आणि लाइनमधली हवा काढावी. ड्रम बाहेर असताना पेडलला पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतात. ब्रेक ऑइलचंही वय पाहावं. ते हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांवर उकळतं, पण ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना हा फरक पेडलखाली कळतो. त्यात तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, म्हणजे पेडल आणखी खाली जातं. ड्रमच्या कडेला कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर टर्निंग करून सुधारत नाही, आणखी पातळ होतो.

जुळवणीचा क्रम उलटला की हँडब्रेकच्या केबलवर संकट येतं. पेडल खाली जातंय, हँडब्रेक वर येतोय, मग केबल ताणा, हा उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ताणलेली केबल शूंना त्यांच्या जागेवर पूर्ण परतू देत नाही, त्यामुळे अ‍ॅडजस्टरचं काम बिघडतं आणि लायनर घासतच फिरतात. आधी केबल सैल करावी. मग अ‍ॅडजस्टरने शू इतके बाहेर आणावेत की चाक हाताने फिरवताना अगदी हलकी कुजबूज ऐकू यावी, दोन्हीकडे सारखी. पेडल बऱ्याच वेळा दाबून शू मधोमध बसू द्यावेत, पुन्हा तपासावं, आणि केबलला सगळ्यात शेवटी हात लावावा. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांना उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पुसटसा हात द्यावा. नव्या ड्रमला गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल पुसायला विसरू नये.

इतकं सगळं पाहायचं तर गॅरेजच बरं, असा शेवटचा आक्षेप राहतो. काहींसाठी तो बरोबरच आहे. गाडी पैसे घेऊन माणसं किंवा शाळेची मुलं नेत असेल, तर ज्यांचा जीव पणाला लावला जातो त्यांना विचारलेलं नसतं. तिथे घरच्या प्रयोगाला जागा नाही. पण गॅरेज म्हणजे आपोआप पुरावा, असंही नाही. रिकाम्या गाडीची गल्लीतली फेरी तिथेही होते. खरा पुरावा रोलरच्या ब्रेक टेस्टरवर मिळतो, कारण ते यंत्र प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजतं आणि डाव्या-उजव्यातला फरक उघड करतं. पंधरा वर्षांनी खाजगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणीला जावंच लागतं. त्याआधीही अशी सोय जवळ असेल तर वापरावी. घरी तिच्या खालोखालचा उपाय आहे. दोन्ही चाकं घोडीवर असताना मदतनिसाने पेडल हळूहळू दाबावं आणि कोणतं चाक आधी अडतं ते हाताने पाहावं. नंतर मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवून, थांबल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न टेकवता धरावा. एक निवांत आणि दुसरा भट्टीसारखा असेल तर काम झालेलं नाही.

आणि सगळं ठीक वाटलं तरी दोन-तीनशे किलोमीटरनंतर दोन्ही ड्रम पुन्हा उघडावेत. तोवर नवे शू ड्रमच्या गोलाईत बसलेले असतात, गळायचं असेल ते गळू लागलेलं असतं, अ‍ॅडजस्टर उलटा असेल तर मागे सरकलेला असतो. पहिल्या दिवशी लपलेल्या चुका या दुसऱ्या उघडण्यात समोर येतात. लायनरवर घासल्याची खूण दोन्हीकडे सारखी, सिलिंडर कोरडा, अ‍ॅडजस्टर घट्ट, हे पाहायला एक सकाळ जाते. ही दुसरी सकाळ काढायची तयारी नसेल, तर पहिलीही काढू नये.