विडी, खोकला आणि घरातले आरोप

धुळ्यात दवाखाना चालवताना एक गोष्ट मी वारंवार पाहतो. घरातल्या कर्त्या माणसाला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, की आठवडाभरात उपचार बाजूला राहतात आणि आरोप सुरू होतात. शिरपूरकडील एका शेतकरी कुटुंबात असेच झाले. नानांची विडी चाळीस वर्षांची. "किती वेळा सांगितलं होतं!" असे मुलगा माझ्यासमोरच म्हणाला आणि नानांनी बोलणेच सोडले. (बोलणाऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती, हे जाता जाता सांगतो.)

विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडचा समज खोटा आहे. टेंभुर्णीचे पान चटकन विझते. ती पेटती ठेवण्यासाठी जोराने झुरके घ्यावे लागतात आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात छातीत जाते. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी 1950 सालीच दाखवून दिला होता. मात्र हा रोग विडी न ओढणाऱ्यांनाही होतो. घरातला दुसऱ्याच्या विडीचा धूर आणि चुलीचा धूर स्त्रियांना बाधतो.

आपल्या भागात खरी अडचण क्षयाची. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त, फोटोत डाग, ही सारी लक्षणे दोन्ही रोगांत दिसतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी. तीत क्षयाचे जंतू नसतील, किंवा औषधे घेऊनही डाग हटत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासणे टाळू नये. सुई लावल्याने गाठ पसरते, या भीतीपायी लोक महिनोन् महिने घालवतात.

"आता विडी सोडून काय उपयोग?" असे नानांनी विचारले. उपयोग आहे. शस्त्रक्रियेतील धोका कमी होतो, उपचार अधिक सोसतात. सोडताना चिडचीड होते, झोप जाते. ती निकोटीनची ओढ आहे, हट्ट नव्हे. म्हणून घरच्यांनी टोमणे मारू नयेत. सरकारची 1800-11-2356 ही व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. मुलानेही तिचा लाभ घ्यावा, असे मी सुचवले.

रोग रुग्णापासून लपवू नये, असे माझे मत आहे. नानांना सारे ठाऊक होतेच. फक्त कोणी बोलत नव्हते.

मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना 1941) जायचे असल्यास जुने-नवे सगळे फोटो आणि तुकडा तपासल्याचा अहवाल सोबत ठेवावा. शिधापत्रिका व आधार कार्डही न्यावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ती लागतात. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी, आणि सोबत असा माणूस न्यावा की ज्याच्याशी रुग्ण मोकळेपणाने बोलतो. नानांबरोबर त्यांची धाकटी मुलगी गेली.