मे महिन्यातला शिळा भात

उन्हाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की घरात आरोपी आधीच ठरलेला असतो. आंबे बाधले, ऊन लागलं, तिखट जास्त झालं, नाहीतर काल खाल्लेला बर्फाचा गोळा भोवला. गोळ्यावरचा आळ बरेचदा खराही असतो, कारण गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत, नुसते दबा धरून बसतात. पण बाकीच्यांना बोल लावण्याआधी वाचकांनी आपल्याच ओट्यावरच्या झाकलेल्या पातेल्याकडे बघावं. गॅस बंद केल्यापासून ते अन्न ताटात पडेपर्यंत किती तास गेले, हा उन्हाळ्यातला खरा प्रश्न. तो सहसा कोणी विचारत नाही.

अन्नातले बहुतेक रोगजंतू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढतात आणि तिशीच्या पुढे, शरीराच्या तापमानाच्या आसपास, त्यांचा वेग सर्वाधिक असतो. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तीन तासांत पाचशेच्या वर आणि सहा तासांत अडीच लाखांच्या वर. डिसेंबरच्या रात्री हाच हिशेब कितीतरी संथ चालतो. मे महिन्यात विदर्भात किंवा खानदेशात मध्यरात्रीही स्वयंपाकघर तिशीच्या खाली उतरत नाही, तिथे तो पूर्ण वेगाने चालतो. हे केवळ प्रयोगशाळेतलं गणित नव्हे. युरोपातल्या दहा देशांमधल्या साल्मोनेलाच्या नोंदींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. तापमान सुमारे 6 अंशांच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक अंशामागे रुग्ण साधारण 5 ते 10 टक्क्यांनी वाढतात, असं त्यात बहुतेक ठिकाणी दिसलं. हा आकडा उचलून जळगावला लावता येणार नाही. तिथलं अन्न वेगळं, नोंदी वेगळ्या. पण जंतूंच्या वाढीचा नियम दोन्हीकडे एकच.

यावर कोणी म्हणेल, उन्हाळा म्हणजे लग्नसराई, सुट्ट्या, बाहेरचं खाणं. आजार वाढतात ते त्यामुळे. यात तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. त्या अभ्यासात ऋतूनुसार होणारा नेहमीचा चढउतार वजा करूनही तापमानाचा परिणाम उरलाच, आणि आजार होण्याच्या आधीच्या आठवड्यातल्या उष्म्याशी त्याचा संबंध सर्वांत ठळक होता. शिवाय नोरोव्हायरसकडे बघा. तोही अन्नातून पसरतो, पण विषाणू असल्याने अन्नात वाढत नाही. थंड देशांत त्याच्या साथी हिवाळ्यात येतात. दोष फक्त बाहेर खाण्याचा असता तर तोही उन्हाळ्यातच बळावला असता. आपल्याकडची पावसाळ्यातली गॅस्ट्रोची साथ मुख्यतः दूषित पाण्याची. तिचा बंदोबस्त वेगळा.

आता भाताकडे येऊ. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते कुकरच्या शिट्ट्यांना दाद देतीलच असं नाही. रात्रीचा भात तसाच ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. सकाळी फोडणी कितीही खमंग दिली तरी ते विष उकळत्या तापमानालाही टिकतं. हाताळणाऱ्याच्या नाकातून वा हातावरच्या जखमेतून बासुंदीत, पेढ्यात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचं विषही असंच चिवट. खाल्ल्यापासून काही तासांतच उलट्या सुरू होतात. या दोन्हींना बहुधा वास येत नाही, चवही बदलत नाही. त्यामुळे ‘हुंगून बघितलं, चांगलं होतं’ हा पुरावा कामाचा नाही.

‘आमच्या आजीकडे फ्रिज नव्हता, फोडणीच्या भातावर आम्ही वाढलो’ हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्यातच उत्तर आहे. फ्रिज नसलेल्या घरात बेताचं रांधायचे. टिकवायचं ते वाळवून, खारवून किंवा आंबवून ठेवायचे. कुरडया, पापड, लोणचं यांत जंतूंना पुरेसं पाणी नाही किंवा मीठ-आंबटपणा सोसत नाही. आज आपण तीन दिवसांचं एकदम रांधतो आणि मोठं पातेलं निवेपर्यंत बाहेर ठेवतो. निवतं ते फक्त वरून. मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. लग्नातल्या मसालेभाताच्या हंड्याचं दुखणं नेमकं हेच.

म्हणून उरलेला भात परातीत पसरून पंख्याखाली लवकर निववा आणि उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवा. शिजवल्यावर दोन तासांच्या आत, आणि पारा 32 च्या वर असेल तर तासाभरातच. फ्रिज खच्चून भरू नका, आतलं तापमान 5 अंशांच्या खाली हवं. कडक उन्हाच्या दिवसांत शाळेच्या डब्यात ओला भात किंवा पनीरपेक्षा पोळी आणि कोरडी चटणी बरी. एवढं करूनही त्रास झालाच, तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट घोट द्या. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, थांबत नसलेल्या उलट्या किंवा सहा तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एवढीही वाट बघू नका.