एमबीबीएस हुकलं, तरी मॅमोग्राफीवर पीएच.डी.

‘नीट’चा निकाल मनासारखा लागला नाही की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: आता कॅन्सरसारख्या विषयात काम करणं हिला जमायचं नाही. स्तनाच्या इमेजिंगपुरतं तरी हे खरं नाही. या क्षेत्रातलं निम्मं डोकं डॉक्टर नसलेल्यांचं आहे.

‘डीमिस्ट’ या चाचणीचंच बघा. अमेरिका आणि कॅनडातल्या ४९,५२८ स्त्रियांनी तीत भाग घेतला. प्रत्येकीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, फिल्मवरही झाली आणि डिजिटल यंत्रावरही. २००५ मध्ये निकाल आला. एकूण पाहता दोन्ही पद्धती सारख्याच, पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट ऊतींचे स्तन असलेल्या स्त्रियांमध्ये डिजिटल सरस. त्या शोधनिबंधावरची पहिली चार नावं वाचावीत. एटा पिसानो रेडिओलॉजिस्ट, कॉन्स्टंटाइन गॅटसॉनिस संख्याशास्त्रज्ञ, तर एडवर्ड हेंड्रिक आणि मार्टिन याफी भौतिकशास्त्रज्ञ.

भौतिकशास्त्रज्ञांचं इथे काय काम, असं पालक विचारतात. ग्रंथींची ऊती आणि गाठ यांच्यात क्ष-किरण शोषण्याचा फरक अगदी थोडा असतो. म्हणून मॅमोग्राफी साधारण २५ ते ३५ किलोव्होल्टवर, म्हणजे छातीच्या नेहमीच्या एक्स-रेपेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेवर करतात. कॅल्शियमचे संशयास्पद कण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढे. किरणांची मात्रा वाढवली तर चित्र सुधारतं, पण निरोगी बाईला उगाच जास्त किरण बसतात. कितीतरी प्रबंध याच ओढाताणीवर उभे आहेत. त्यासाठी संशोधक फॅन्टम नावाच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचे फोटो महिनोन्‌महिने काढत बसतो आणि त्यात पेरलेले ठिपके कितपत दिसतात ते मोजतो. हे काम कंटाळवाणं आहे. ज्याला रोज नवं काहीतरी हवं असतं, त्याने या वाटेला जाऊ नये.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही इथे जागा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडाइन यांनी एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेचा माग यंत्राने घेतला. नजर गाठीवर चांगली रेंगाळते, तरीही अहवालात गाठ येत नाही, असं त्यांना आढळलं. मग ती सुटते कुठे, डोळ्यात की निर्णयात? मॅमोग्राफी वाचण्याच्या अभ्यासात हा प्रश्न आजही जिवंत आहे.

‘पण हे सगळं एआय करणार ना?’ ही पुढची शंका. स्वीडनमधल्या ‘मसाई’ चाचणीतल्या सुमारे ८०,००० स्त्रियांची माहिती आधी तपासली गेली. एआयच्या मदतीने प्रतिमा वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. मात्र तिथे बायकांना ठरावीक वयात तपासणीचं बोलावणं येतं. आपल्याकडे मॅमोग्राफीची तशी देशव्यापी योजना नाही; तिशीपुढच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमात हाताने तपासणी आहे, आणि मॅमोग्राफीच्या खोलीत पोचणारी बाई बहुधा गाठ लागल्यावरच येते. तिकडच्या चित्रांवर शिकलेला प्रोग्रॅम इथे कसा वागेल, हे इथेच तपासावं लागणार. मला विचाराल तर आजच्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात चांगला विषय हाच.

वाट कुठून सुरू होते? अकरावीत गणित सोडू नका, एवढा हट्ट पालकांनी जरूर धरावा. पुढे फिजिक्समध्ये एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग, मग नेट किंवा गेट परीक्षा. पीएच.डी.साठी आयआयटी मुंबईत बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘अॅक्ट्रेक’ आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था आहे. रुग्णालयातली नोकरी हाताशी असावी असं वाटत असेल, तर एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आधी करावा.

पैशांचं स्पष्टच बोलू. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. रक्कम दर महिन्याला वेळेवर येईलच असं समजू नका, थोडी शिल्लक ठेवा. सोबतचे मित्र तोवर गाडी घेतात, हेही ऐकून घ्यावं लागतं. प्रबंधानंतर पोस्टडॉक, प्राध्यापकी किंवा बंगळुरूत मोठं केंद्र असलेल्या जीई, सीमेन्ससारख्या यंत्रकंपन्यांतलं संशोधन, असे रस्ते फुटतात.

खरी मेख मात्र प्रतिमांची आहे. रुग्णांची नावं काढून टाकलेल्या मॅमोग्राफीच्या प्रतिमा आणि त्यांचे बायॉप्सीचे निकाल हाती आल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही, आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी मिळायला महिने जातात. तेव्हा गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजण्याआधी त्यांचा कुठल्या रेडिओलॉजी विभागाशी करार आहे ते विचारा. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून, पहिली प्रतिमा हातात पडायला त्याला किती काळ लागला तेही विचारा. त्याने उत्तर टाळलं, तर दुसरी लॅब बघा.