स्क्रीनवरचं नाव खरं मानू नका

प्रश्न : बाबांना फोन आला, ‘बिल थकलंय, आज रात्री वीज तोडू.’ ॲपवर नाव ‘महावितरण’ दिसलं. खरं-खोटं कसं ओळखायचं?
– एक वाचक, फोंडाघाट

उत्तर : ते नाव पुरावा नव्हे. ट्रूकॉलरसारख्या ॲपवर नाव कुणीही नोंदवू शकतं, चोरसुद्धा. महावितरण कुणाच्या खासगी मोबाइलवरून अशी ताकीद देत नाही. पावसाळ्यात वीज तशीही जाते, म्हणून ही धमकी पटकन खरी वाटते. फोन ठेवा, महावितरणच्या १९१२ या हेल्पलाइनवर स्वतः विचारा. पाठवलेली लिंक किंवा ‘एपीके’ फाइल मुळीच उघडू नका. त्यातून फोनचा ताबा चोराकडे जातो. नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा. पैसे गेलेच असतील तर बाबांना रागावू नका. त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते.