फी भरण्याआधी संलग्नता क्रमांक मागा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खासगी शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘सीबीएसई’ होतं आणि खाली, बारीक अक्षरांत, ‘पॅटर्न’. थोरल्या मुलाला पहिलीला तिथेच घातलं. चकचकीत इमारत, गळ्यात टाय, दारात बस. फीच्या पावतीवर दरवर्षी एखादं नवं कलम यायचं. एकदा ‘स्मार्ट क्लास’ आलं, तर तो स्मार्ट फळा महिनाभर बंद. तेवढं सोसलं. आठवीच्या शेवटी मात्र बोलावून सांगितलं, की नववीची बोर्ड नोंदणी दुसऱ्याच शाळेच्या नावाने होईल आणि दहावीचा फॉर्मही तिथूनच भरला जाईल. या शाळेला संलग्नताच नव्हती!

त्याला राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेत हलवलं. गणितात निभावलं, पण मराठीची वही पहिली सहामाही लाल शाईनेच भरून यायची.

आता कुणी शाळेचं विचारायला आलं, की मी आधी कागद मागायला सांगतो. सीबीएसईच्या संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव शोधा, संलग्नता दहावीपर्यंत आहे की बारावीपर्यंत तेही बघा. ‘प्रस्ताव गेलाय, होईलच’ या उत्तरावर एक रुपयाही भरू नका. महाराष्ट्रात 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, तेव्हा मंजुरीचा कागद मागायला लाजू नका. आरटीईच्या 25 टक्के जागेतून प्रवेश मिळाला, तर आठवीपर्यंत फी नाही. नववीपासूनच्या खर्चाची बेरीज मात्र पहिलीतच करून ठेवा.

धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. चौथीच्या बाईंनी पोरांच्या हातात टेप देऊन मैदान मोजायला लावलं होतं. परिमिती तिला अजून विचारा. पण म्हणून झेडपीची प्रत्येक शाळा चांगली असं मी म्हणणार नाही. शेजारच्या गावात एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळतात. शाळा कुणाची यापेक्षा तुमच्या मुलाच्या वर्गावर रोज कोण उभं राहतं, ते जाऊन बघा.

जवाहर नवोदय विद्यालयाचं गणित वेगळं. सहावीला 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, राहणं-जेवण मोफत. पण ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली लागतात. माझ्या मेहुण्याने क्लासच्या सोयीसाठी पोराला पाचवीला शहरातल्या शाळेत टाकलं आणि तो हक्क घालवला. प्रवेश परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणायलाही जागा उरली नाही. धाकटी त्या परीक्षेला बसली, निवड झाली नाही; गावच्याच हायस्कुलात सहावीला गेली आणि मजेत आहे. निवडीची हमी देऊन चौथीपासून हजारो रुपये घेणाऱ्या क्लासवाल्यांपासून मात्र चार हात लांब राहा. आणि निवड झालीच, तर अकरा वर्षांचं लेकरू घरापासून लांब राहायला तयार आहे का, हे आधी त्यालाच विचारा.