परसांतील रात्रींचीं पाखरें : एका वर्षाची वही

शेतकऱ्याची टेहळणी दिवसा चालते, आणि त्याच्या पिकास नडणारीं बहुतेक पाखरें रात्रीं हिंडतात. पानावर अळी दिसेपर्यंत आपणांस तिची वार्ता नसते. परंतु तिची माता चार-पांच रात्रीं आधींच आपल्या दिव्याभोंवतीं फिरून गेलेली असते. हा विचार मनांत आल्यावरून आम्हीं नेवाशास, आमच्या घरामागील परसांत, एका ज्येष्ठापासून दुसऱ्या ज्येष्ठापर्यंत पतंगांची वही ठेविली. तींतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडतों.

साधन अगदीं साधें. भिंतीपासून हातभर अंतरावर जुनें पांढरें धोतर ताणावें, पुढें दिवा टांगावा, आणि दिवेलागणीनंतर दोनएक तास बसावें. आठवड्यांतून दोन रात्रीं हा क्रम ठेविला. वहींत तारीख, तिथि, वारा, पाऊस आणि पाखरांची संख्या लिहिली. तिथीचें महत्त्व दोन महिन्यांतच कळलें. पौर्णिमेच्या सुमारास धोतर जवळजवळ रिकामें राही, आणि अमावास्येस त्यावर जागा उरत नसे. ज्यानें संख्या लिहिली पण चंद्र लिहिला नाहीं, त्यास कीड ओसरल्याचा भ्रम व्हावयाचाच. हॅम्पसन यांचे हिंदुस्थानांतील पतंगांवरील चार खंड १८९२ ते १८९६ या काळांत निघाले. पण ते शास्त्रज्ञांसाठीं आहेत. आम्हांस साऱ्यांचीं नांवें नकोच होतीं. पिकास लागणारीं पांच-सात पाखरें ओळखतां आलीं म्हणजे पुरे.

कार्तिकाच्या अखेरीस घाटेअळीचे पतंग दिसूं लागले. रंग वाळल्या गवताचा, पुढच्या पंखावर घेवड्याच्या दाण्यासारखा काळसर ठिपका, मागचा पंख फिका व त्यास रुंद काळसर किनार. पहिल्या रात्रीं दोन, पुढच्या बैठकीस नऊ. दुसरे दिवशीं सकाळीं हरभऱ्याच्या शेंड्यांवर खसखशीएवढीं पिवळट अंडीं सांपडलीं. आदल्या वर्षीं शेजारच्या रानांत पंप चालूं झाला म्हणून आम्हींही फवारलें होतें. तेव्हां अळी आलीच नव्हती, आणि ती आली तेव्हां औषधाचा जोर सरला होता. दोन फवाऱ्यांचा पैसा गेला व घाटे पोखरले ते पोखरलेच. या खेपेस अंडीं दिसतांच पांच टक्के निंबोळी अर्क फवारला आणि पक्ष्यांस बसावयास रानांत काठ्या रोवल्या. बांधालगतच्या ओळींत थोडें नुकसान झालें; दुसरी फवारणी मात्र लागली नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ ते दहा पतंग आल्यास उपाय योजावा, असें जें सांगतात तें त्या सापळ्याचें माप आहे. आमच्या धोतरास तें लावूं नये. धोतर 'उद्यां रानांत जा' एवढेंच सांगतें.

तिळाच्या मोसमांत एके रात्रीं थोरला पतंग आला. पाठीवर कवटीसारखी खूण, आणि धरतांच चीं चीं करी. घरांतील मंडळींनीं अपशकुन मानून त्यास घालवून देण्याचा आग्रह धरिला. त्याची अळी तिळाचीं पानें खाते व तो स्वतः पोळ्यांत शिरून मध चोरतो, यापलीकडे त्याचा अपराध नाहीं. धोतरावर हिरव्या जाळीदार पंखांची क्रायसोपाही येई. तिची अळी मावा खाते. म्हणून दिव्याखालीं रॉकेलचें पाणी ठेवून सरसकट सारें मारणें आम्हांस पटत नाहीं. शिवाय आमच्या गांवास पतंगाचा उपकार जुना आहे. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं डेक्कन कॉलेजनें नेवाशास उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगांतील तांब्याच्या मण्यांच्या माळेचा दोरा तपासतां त्यांत रेशीम आढळलें. आणि रेशीम म्हणजे पतंगाच्या कोशाचाच धागा.

परंतु वहीची खरी परीक्षा मोसंबीनें घेतली. भाद्रपदांत परसांतील दोन्ही झाडांचीं फळें गळूं लागलीं; प्रत्येकावर टांचणीएवढें छिद्र व भोंवतीं सडका डाग. धोतरावर त्याचा अपराधी कधींच आला नव्हता. अखेर रात्रीं नऊ वाजतां विजेरी घेऊन झाडाखालीं गेलों, तों फळांवर लाल चमकणारे डोळे दिसले. वाळल्या पानासारखे पुढचे पंख, आणि ते उघडतांच आंत नारिंगी रंगावर काळ्या खुणा! हा रस शोषणारा पतंग दिव्यास फारसा भुलत नाहीं. आपल्या सोंडेनें तो साल भेदतो, व त्या छिद्रांतून कूज शिरते. त्याची अळी मोसंबीवर नसते. ती गुळवेलीवर व वासनवेलीवर वाढते, आणि आमच्या कुंपणावरील लिंबावर गुळवेल होती! वेलीवर पाहिलें तों अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या अळ्या आढळल्या.

बागेजवळील अशा वेली काढाव्या, हा उपाय खरा. पण पतंग दुरूनही उडून येतो, आणि घरांतील वडीलधारीं माणसें गुळवेल तोडूं देईनात. तेव्हां गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरलीं. यंदा फळांस रंग येण्याआधींच कापडी पिशव्या बांधावयाच्या असें ठरविलें आहे. वेल राहिली आहे. तिच्यावरील अळ्या आम्ही सकाळीं हातानें काढतों, आणि वहींत त्यांचा एक निराळा रकाना आंखला आहे.