सही तिची

पहिल्या बाळंतपणाची तयारी आपल्याकडे हौसेने होते. डोहाळजेवण होतं, बाळंतविडा शिवून तयार असतो, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू कोण वळणार ते ठरतं, आणि सोनोग्राफीच्या कागदावरची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. ठरल्यापेक्षा वेगळं झालं तर काय, आणि तेव्हा बाळंतिणीला कोण काय सांगणार, एवढं मात्र कुणी बोलत नाही. माझं पहिलं बाळंतपण ठरल्याप्रमाणे झालं नाही. त्याची हकीकत मी इथे लिहीत नाही, ती दुसरीच्या कामाची नाही. कामाचं आहे ते त्यानंतर वाचून आणि विचारून पक्कं झालेलं एक मत. बाळंतपणाने वेगळं वळण घेतलं तर बाई ते सोसते, समजूनही घेते. ते वळण तिला न सांगता घेतलं गेलं, तर ती बोच वर्षानुवर्षं जात नाही. ही बोच बऱ्याच अंशी टाळता येते, पण त्यासाठीचं बोलणं आठव्या महिन्यात व्हायला हवं. लेबर रूमच्या दारात फार उशीर झालेला असतो.

आधी तारखेचंच पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात. त्या नेमक्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणजे तारीख चुकणं हाच नियम आहे. तासांचंही तसंच. पिशवीचं तोंड ताशी एक सेंटीमीटर उघडलं पाहिजे, हा हिशेब दवाखान्यांत अनेक वर्षं रुजलेला. त्याच्या मुळाशी १९५५ साली न्यूयॉर्कच्या फ्रीडमन या डॉक्टरांनी पहिलटकरणींच्या ५०० बाळंतपणांवरून काढलेला आलेख आहे, आणि त्यातल्या बहुतेक जणींना गुंगीची औषधं दिलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा वेग काही बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे आणि केवळ तो गाठला नाही म्हणून हस्तक्षेप करू नये. बाळंतपणाचा खरा वेग पाच सेंटीमीटरनंतर धरावा, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. हे माहीत नसलेल्या घरात मात्र चौथ्या तासाला ‘अडली’ हा शब्द उच्चारला जातो, आणि तो ऐकून आत कळा देणारी बाई स्वतःलाच दोष देऊ लागते.

सिझेरियनचं म्हणाल, तर ते आता अपवाद राहिलेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे पंचवीस बाळंतपणांत ते झालेलं होतं, गोव्यात जवळजवळ चाळीस. देशभरात सरकारी दवाखान्यांत शंभरी चौदा, खाजगीत सत्तेचाळीस. हा फरक सगळाच्या सगळा बायकांच्या शरीरामुळे पडलेला नाही, हे उघड आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण म्हणून प्रत्येक सिझेरियनकडे संशयाने पाहणं तितकंच घातक. वार सुटून रक्तस्राव होतो, नाळ आधी बाहेर येते, बाळाचे ठोके उतरतात. अशा वेळी तीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. घरी बसून कारण खरं की खोटं ते ठरत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारायची सवय आधी लागावी लागते.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत चांगली. आईच्या हातचं खाणं आणि तिचं जवळ असणं याला पर्याय नाही. पण त्यामुळे सहा-सात महिने जिने तपासलं ती डॉक्टर पुण्यात आणि बाळंतपण लातूरला, असं होतं. ऐनवेळी ज्यांनी निर्णय घ्यायचा, त्यांची बाळंतिणीशी ओळख सगळ्यांत कमी. आई म्हणते, आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश आहे. असेलही, पण त्यांना कागद हवेत: रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाबाच्या नोंदी, सगळ्या सोनोग्राफी आणि कसली ॲलर्जी असेल तर तिची चिठ्ठी. ही फाइल कपड्यांच्या बॅगेत तळाशी न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावी. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा भेटून यावं आणि तिथे चार प्रश्न विचारावेत. कळा सुरू करायचं सलाईन तुम्ही कधी लावता? किती वेळ वाट पाहता? टाके सरसकट घालता का? आणि रात्री दोन वाजता सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ आणि रक्त कुठून येतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा दवाखाना पाहायला अजून अवधी असतो.

यावर घरातल्या मोठ्यांचा आक्षेप ठरलेला: भरल्या ओटीच्या पोरीसमोर असलं अभद्र बोलू नये, ती घाबरेल. त्यांची माया मला कळते. पण भीती माहितीने वाढते असं मला दिसलेलं नाही. अचानक धावपळ सुरू झाली आणि कुणी तोंड उघडेना, की ती वाढते. पोटावर दोन पट्टे बांधलेले असतात, एकावर बाळाचे ठोके, दुसऱ्यावर कळांची लय. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत असते. सिस्टर ती हातात घेते, पाहते आणि काही न बोलता बाहेर जाते. त्या दोन मिनिटांत पलंगावरची बाई जे जे मनात आणते, त्यापेक्षा भयंकर कुठलंही खरं उत्तर नसतं. ‘कळ ओसरल्यावरही ठोके वर येत नाहीयेत, मॅडमना बोलावते,’ एवढं वाक्य पुरतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो वजनदार आहे: तातडीच्या वेळी समजावत बसायला वेळ नसतो, आणि कळांमध्ये तिला समजणार तरी काय? वेळेचं मोजमाप त्यांच्याच शास्त्रात आहे. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत जिवावर बेतलेल्या सिझेरियनसाठी निर्णयापासून जन्मापर्यंत ३० मिनिटांची मर्यादा धरली आहे, आणि त्याखालच्या पायरीला ७५ मिनिटांची. दोन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटाचीही सवड नाही असे प्रसंग असतात, पण ते मोजके; बाकीची बहुतेक वळणं तासांच्या हिशेबाने येतात. आणि समजण्याचं म्हणाल, तर कळ येते तशी ओसरते, मधल्या वेळात बाई शुद्धीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात म्हटलं आहे की सज्ञान, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्ण स्त्रीच्या जागी तिच्या आईने दिलेली संमती, जिवाला तातडीचा धोका नसताना, चालत नाही. तरीही फॉर्म लावलेला पॅड बाहेर व्हरांड्यात येतो, नवऱ्यासमोर किंवा सासऱ्यांसमोर धरला जातो, पेन पुढे होतो, आणि जिच्या पोटावर छेद घ्यायचा तिला ते ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली कळतं.

मोठ्या शहरातल्या, पैसे मोजणाऱ्या बायकांचं हे झालं, ग्रामीण रुग्णालयात कोण ऐकणार, असंही म्हटलं जाईल. गर्दी खरी आहे, सिस्टर कमी आहेत हेही खरं. पण तिथे हक्क उलट जास्त स्पष्ट लिहिलेले आहेत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसुद्धा मोफत आहे. औषधं, रक्त, जेवण आणि घरून जाण्या-येण्याची गाडीही. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवायला मान्यता दिली. ही सोबत म्हणजे नुसता मायेचा आधार नव्हे. पंधरा हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सतत कुणी जवळ असलेल्यांत सिझेरियन कमी आणि कळांचा काळ थोडा आखूड आढळला. म्हणून जिची जीभ ऐनवेळी अडणार नाही अशी मावशी, वहिनी किंवा बहीण निवडा. वयाने मोठी असणं पुरेसं नाही. ‘मॅडम, हिला आधी सांगा ना’ हे वाक्य तिला बोलता यायला हवं.

आणि मग ते वाक्य, जे प्रत्येक बाळंतिणीने ऐकलेलं असतं: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं!’ सुखरूप असणं मोठीच गोष्ट, ती कुणी नाकारत नाही. पण त्या वाक्याने तिचं बोलणं तिथेच तुटतं. भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मांडणी २०१७ मध्ये झाली, त्यात शंभरातल्या सुमारे बावीस बाळंतिणींना बाळंतपणानंतरचं नैराश्य आढळलं. पाचवी-बारसं आटोपून पाहुणे परतले, की अशी बाई एकटी पडते. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ‘कळा सोसल्या नाहीत’ असली बोलणी थांबवून १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा, आणि बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शिवाय घरी जाताना डिस्चार्जच्या कागदावर सिझेरियनचं कारण आणि पिशवीवरच्या छेदाचा प्रकार लिहून मागावा. पुढच्या खेपेला नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करायचा की नाही, हे त्या दोन ओळींवरून ठरतं, आणि नीट निवडलेल्या बायकांत असे बहुतांश प्रयत्न यशस्वी होतात.

ज्यांच्या घरी या महिन्यात पहिलटकरीण आहे, त्या नवऱ्यांना, आयांना, सासवांना माझं मागणं एकच आहे. व्हरांड्यात तुमच्यासमोर पॅड आला तर लगेच पेन हातात घेऊ नका. ‘तिला सांगितलंत का?’ एवढं विचारा, आणि कागद आधी आत जाऊ द्या.